नव्या नाण्यांचं वर्ष

उथाय थानी, सकेक्रांग नदी
८ एप्रिल, बुद्ध संवत २५६१

पूज्य भंते थावरो यांस बुप्पाचे वंदन.

कागदावर वंदन कसं करतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून आधी आपल्या तरंगत्या घराच्या फळीवर तीनदा डोकं टेकवलं आणि मग लिहायला बसले. आपल्या मातोश्री समोरच होत्या. म्हणाल्या, "नीट टेकव. कपाळ लागलं नाही फळीला." म्हणजे त्यांची नजर अजून शाबूत आहे, हे कळवते.

आपल्याला 'आपण' लिहिताना हात अडखळतो. शाळेत एका बाकावर बसलेलो. रांजणासारखा गोल म्हणून सगळी शाळा 'ओंग' म्हणायची, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. लग्नानंतरही मी ओंगच म्हणत आले. आता भंते म्हणते. चुकून 'तू' लिहिलं गेलं तर तिथल्या ज्या कुणी थोर भिक्खूंच्या हाती पत्रं आधी पडत असतील, त्यांनी बाईमाणसाला क्षमा करावी.

खबर अशी की परवा नव्या महाराजांची नाणी निघाली. कोषागाराच्या खिडकीवर उजाडायच्या आत रांग. मीही गेले, कारण दीक्षांचा हंगाम तोंडावर आहे आणि गिऱ्हाइकं आत्ताच विचारायला लागलीत, "यंदा दीक्षेत उधळायच्या रिबनच्या कमळात नवं नाणं घालणार की जुनं?" मी सांगते, "अहो, रिबनच्या आत कुणाला दिसतंय?" तर म्हणतात, "उघडल्यावर दिसतं ना!"

नाणी सुरेख आहेत. पुढे नवे महाराज, मागे त्यांची राजमुद्रा, अक्षरांची नक्षी. जुन्या नाण्यांमागची मंदिरं मात्र गेली. आईंनी दहाचं नवं नाणं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, परत उलटं केलं.

"अरुण मंदिर कुठंय?"

"आता नाहीये ते."

"कोणी नेलं?"

मी म्हटलं, "तुमच्या मुलानंच नेलं असेल. मंदिरात तोच जाऊन बसलाय." पुष्कळ हसलो दोघी. म्हणजे मी हसले.

दिवंगत महाराजांच्या अग्निसंस्काराला गावातल्या कितीतरी पुरुषांनी पंधरा दिवसांची दीक्षा घेतली होती. सगळे परत आले. प्राचाक न्हावी तर डोक्यावर केस यायच्या आत दारूवर आला. आपण मात्र तिथूनच लोएयच्या डोंगरातल्या विहारात गेलात ते गेलातच. सरपंचांच्या रंफायताई परवा बाजारात म्हणाल्या, "नशीबवान गं तू बुप्पा, नवरा पुण्य कमावतोय." मी म्हटलं, "हो ना. मी रिबनं कमावते."

आई ठणठणीत आहेत. पिंजऱ्यातले मासेही बरे आहेत. काळजी नसावी.

बुप्पा


२० मे

पूज्य भंते यांस वंदन.

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच लिहितेय, त्यामुळे मनातलं लिहायला बरं पडतं.

माझी गावात छी थू झाली. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

रंफायताईंच्या मुलाची दीक्षा होती. नाणी घातलेली कमळं माझ्याकडूनच. ताईंनी बजावलं होतं, "सगळी जुन्या महाराजांची हवीत. लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवली पाहिजेत." मी रात्रंदिवस बसून वळली. पिवळी, गुलाबी, जांभळी, दोन मोठ्या टोपल्या भरून. मुलगा पांढऱ्या कपड्यांत विहाराला फेऱ्या घालून दारात उभा राहिला आणि ओंजळी भरभरून उधळायला लागला. लोक तुटून पडले. कुणी छत्र्या उलट्या धरल्यात, कुणी मासे पकडायची जाळी आणलीयत, पोरं मोठ्यांच्या पायांतून घुसतायत. मी मागे उभी राहून मनातल्या मनात म्हणतेय, बघ, माझी कमळं कशी उडतायत.

मग एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, हे काय? चिंचोका!"

पाठोपाठ दुसरीच्या कमळात चिंचोका. तिसरीच्या कमळातही चिंचोका. कुठे कुठे नाणं निघत होतं, पण चिंचोक्यांचीच चलती. वाजंत्री वाजायची थांबली. रंफायताई सगळ्यांच्या पुढे येऊन म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या दीक्षेत चिंचोके? आमटी करायला दिले होते का गं मी पैसे?" लोक हसले. मला वाटलं, विहाराच्या पायऱ्यांखाली गाडून घ्यावं.

घरी आले तर आई सागरगोटे खेळणाऱ्या पोरीसारख्या मांडी घालून बसलेल्या. बुद्धमूर्तीच्या फळीखालचं त्यांचं जुनं लुगडं उलगडलेलं आणि त्यात आपल्या दिवंगत महाराजांची नाणी, सगळी एका ओळीत, चेहरा वर. मी झोपल्यावर त्या एकेक कमळ सोडायच्या, नाणं काढायच्या, चिंचोका घालून पुन्हा वळायच्या. आणि वळायच्या इतकं सुबक की मला पत्ता लागला नाही. मीच शिकवलं होतं त्यांना, आपण गेल्यावर हाताला काम असावं म्हणून.

मी खूप बोलले. नको ते बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू त्यांना जमिनीवर फेकतेस. लोक त्यांच्या तोंडावर पाय देतात. मी कालपरवापर्यंत रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसून ज्यांना हात जोडले, त्यांच्या तोंडावर पाय देऊ देणार नाही."

यावर काय बोलायचं ते आपण विद्वान झालात, आपणच सांगा.

बाकी ठीक. आईंना भूक चांगली लागते.

बुप्पा


१७ जून

भंते,

पुढचं ऐका. चार ऑर्डरी गेल्या. "चिंचोकेवाली" असं नाव पडलं. मी दारोदार फिरून ज्याला चिंचोका निघाला त्याला नाणं देत होते आणि आई माझ्या मागून येत होत्या. मी हजारदा सांगितलं, घरी बसा. पण शेवटी बाजारात, रंफायताई कोंबडी घेत होत्या तिथे, आई सरळ जाऊन उभ्या राहिल्या.

"चिंचोके मी घातले. सुनेला बोलायचं नाही."

"का हो आजी? आम्ही तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मग आईंनी तेच सांगितलं, गुडघ्यांवर बसण्याचं आणि तोंडावर पाय देण्याचं. आवाज चढवला नाही. कोंबडीवाल्यानं सुरा खाली ठेवला. रंफायताईंचे डोळे भरले. म्हणाल्या, "आजी, आम्हाला कधी सुचलंच नाही हो." प्राचाक बाजूलाच होता. म्हणाला, "मग आता नवी नाणी टाका." त्यावर आई त्याच्याकडे वळल्या. "नव्यांच्या तोंडावर पाय दिलेला चालतो का रे तुला? तेही राजेच आहेत." प्राचाकनं कान पकडले.

तेव्हापासून गावात नवी पद्धत पडलीय. उधळायच्या आधी चटया अंथरतात, चपला बाहेर, सगळ्यांनी खाली बसून घ्यायचं. रंफायताईंनीच सरपंचांना सांगून ते केलं. म्हाताऱ्या माझ्याकडे यायला लागल्यात, जुनी नाणी ठेवून घ्यायची म्हणून नवी देऊन बदलून नेतात. ऑर्डरी परत आल्या. लोक आईंना वाकून जातात.

हे सगळं लिहिलं ते खरं आहे. पण मी एक बाजूच लिहितेय हे आपल्याला कळत असेल. आपण पहिल्यापासून माझं बोलणं असंच ऐकायचात, जे बोलले नाही ते.

आईंना विसरायला होतं. थोडं. भात खाल्लेला विसरतात, मला कधीकधी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारतात. एवढंच. त्यांनी मला बुद्धमूर्तीपुढे शपथ घातलीय की तिकडे कळवायचं नाही. "भिक्खूचं मन हलवणं पाप. मी त्याच्या चीवराच्या आधारानं वर जाणार आहे, तू मध्ये येऊ नकोस." म्हणून कळवत नाहीये. एवढंच लिहिलंय.

बुप्पा


२ ऑगस्ट

ओंग,

भंते लिहायला आज वेळ नाही.

तुमचा वर्षावास सुरू झालाय, तीन महिने विहार सोडून कुठे मुक्काम करता येत नाही, हे मला माहीत आहे. पण मी आपल्या काठावरच्या विहारात जाऊन थोरल्या भंतेंना विचारून आले. आईबाप आजारी असतील तर सात दिवसांची मुभा असते म्हणाले. त्यांनी चिठ्ठीही दिलीय, सोबत जोडली आहे. शपथ मी मोडली. पाप लागेल ते मला लागू दे.

परवा पहाटे जाग आली ती फळ्या कुरकुरल्या म्हणून. बाहेर आले तर काठ दूर. आपला तराफा, आपलं घर, एका बाजूनं सुटून प्रवाहात आडवं आलेलं. आईंनी दोन दोर सोडले होते आणि तिसऱ्याच्या गाठीशी झटत होत्या. नदीला पाणी केवढं आहे तुला कल्पना असेल.

मी ओरडले, "काय करताय?"

"बँकॉकला निघालो. अरुण मंदिर बघायला. ओंग नेणार होता. तो येत नाही तर नदी नेईल की. नदी तिकडंच जाते."

तू त्यांना नेलं होतंस, ओंग. त्या उंच पायऱ्यांवर पाठुंगळी घेऊन चढवलं होतंस. घरी आल्यावर महिनाभर तेच सांगायच्या. ते सगळं त्यांच्यातून पुसलं गेलंय. जुन्या दहाच्या नाण्यावर ते मंदिर रोज बघायच्या तेव्हा काहीतरी आठवायचं. आता बाजारातून सुटे आणले की त्यात नवी नाणी, ते मंदिर नसतंच. मी नाण्यांना दोष देत नाही. राजे बदलले की नाणी बदलायचीच. पण आईंच्या डोक्यात आधार थोडे उरलेत आणि तेही एकेक सुटतायत.

मी उडी मारून दोर पकडला. हात सोलले. प्राचाकनं बोंब ऐकून होडी आणली, त्याच्या मेव्हण्यानं ढकललं, तेव्हा घर काठाला लागलं. आई म्हणाल्या, "पोचलो का?"

तू ये. नवरा म्हणून नको येऊस, मी काही मागणार नाही. मुलगा म्हणून ये.

बुप्पा


३० ऑगस्ट

ओंग,

आलास, सहा रात्री काठावरच्या विहारात राहिलास, गेलास. तुझी होडी वळणाआड गेली तेव्हा मी कपडे वाळत घालत होते, म्हणून हात हलवला नाही. हे खोटं आहे. कपडे कधीच वाळले होते.

किती वाळलास रे. रांजणाचा तांब्या झाला.

त्या दिवशी आपण बोललो ते मी पुन्हा पुन्हा आठवते. भिक्खूनं बाईशी एकट्यानं बोलायचं नाही म्हणून प्राचाकला मध्ये बसवलं होतं. तो गळ टाकून नदीकडे बघत होता आणि त्याच्या गळाला आमिषही नव्हतं. मी विचारलं, का गेलास? तू चीवराची कड सारखी केलीस. मग म्हणालास, "तिकडं रात्री मासे ऐकू येत नाहीत."

मला वाटलं होतं, मी कंटाळवाणी झाले. वाटलं होतं, मूल नाही म्हणून तुला बांधून ठेवणारं काही नव्हतं. आणि कारण काय, तर मासे! बाजाराच्या आदल्या रात्री पिंजऱ्यातून काढून डोक्यात दांडका मारायचा, त्याचा आवाज तुझ्या कानातून जाईना. वीस वर्षं एका मच्छरदाणीत झोपलो. एकदाही बोलला नाहीस.

मग मीही सांगितलं की मासे मी मार्चमध्येच विकले. पिंजरे प्राचाकच्या मेव्हण्याला दिले. पत्रात बरे आहेत म्हणून लिहिलं, कारण तुझा धंदा तुला न विचारता मोडला, तू चिडशील असं वाटलं. तेव्हा तू हसलास. प्राचाकही हसला, म्हणजे त्याला सगळं ऐकू येत होतं.

हे तुला माहीत आहे. पण ज्यासाठी लिहायला बसले ते तुला माहीत नाही.

शेवटच्या दिवशी तू आईंसमोर बसलास. मी दाराआड होते. आल्यापासून त्यांनी तुला एकदाही ओळखलं नव्हतं. भंते म्हणून हात जोडायच्या, भिक्षापात्रात भात घालायच्या, बस्स. त्या दिवशीही हात जोडून म्हणाल्या, "भंते, आपण डोंगराकडचे ना?"

तू म्हणालास, "हो."

"तिकडे माझा मुलगा आहे. ओंग म्हणतात त्याला. भेटला तर निरोप द्याल?"

"देईन."

"म्हणावं, आईला पुरेसं पुण्य मिळालं. बायको एकटी आहे. रात्री रिबनं वळताना रडते आणि मला म्हणते, नदीची हवा डोळ्यात जाते. म्हणावं, घरी ये."

तू डोळे मिटून बसलास. मग आशीर्वादाचं म्हणायला लागलास आणि तुझा आवाज फाटला. मी तिथून निघून गेले.

आता ऐक. तू गेलास त्या संध्याकाळी मी आईंचे पाय चेपत होते. त्या म्हणाल्या, "किती बारीक झालाय. तिकडं खायला घालत नाहीत वाटतं."

मी म्हटलं, "कोण?"

"ओंग. आणखी कोण?"

माझे हात थांबले. "आई, तुम्ही ओळखलं होतंत?"

"पोटचा पोर न ओळखायला मी काय वेडी आहे?"

"मग परक्यासारखं का बोललात?"

माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत गुरुजी तुझ्याकडे बघायचे. "भिक्खूला चीवर उतरव म्हणून आई कशी सांगणार गं? केवढं पाप! परक्या भंतेंकडे निरोप द्यायला काय हरकत आहे?" आणि कूस बदलली. वर मला म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारत होत्या, काल कुणी आलं होतं का. तेव्हा त्यांनी खरंच ओळखलं होतं की संध्याकाळी तेवढ्यापुरतं सगळं जुळून आलं, मला सांगता येत नाही. मी दोन्ही लिहिलंय. तुला जे खरं वाटेल ते घे.

मी काही मागणार नाही म्हणाले होते. तेही खोटं होतं. मला तू हवा आहेस. पण तिकडे तुला झोप लागते, आणि झोप लागलेल्या माणसाला उठवून आणायचं मला होत नाही. थोरले भंते म्हणतात, काठावरच्या विहारातही जागा आहे, चीवर न सोडता आईंजवळ राहता येईल. तसं केलंस तर रोज सकाळी तुझ्या पात्रात भात घालीन आणि मान खाली घालून घरी येईन. तेही मी करीन. फक्त जे करशील ते मनात ठेवू नकोस. कळव.

बुप्पा


१८ ऑक्टोबर

ओंग,

तुझं पत्र मिळालं. वर्षभरात पहिलं, आणि तेही दीड ओळीचं! वर्षावास संपल्यावर तिथल्या थोरल्या भंतेंची परवानगी घेऊन चीवर उतरवणार, घरी येणार, एवढंच. कारण नाही, तारीख नाही, माझं नाव नाही. प्राचाकला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तार आहे का ही?" मी म्हटलं, त्याचं तेवढंच असतं. मग घरात जाऊन मोठ्यानं रडले, आणि आईंना म्हटलं नाही की नदीची हवा आहे.

काही गोष्टी आत्ताच सांगते. आई तुला ओळखतील याची खात्री नाही. ह्या आठवड्यात त्या मला सरपंचांची बायको समजतायत आणि चांगलं खडसावतायत. तराफ्याच्या दोरांना मी साखळी लावलीय. धंदा चालू आहे. वर्षावासानंतरच्या 'कठिन' या चीवरदानाच्या सणाची मोठी ऑर्डर आलीय, सगळी नव्या नाण्यांची. बोटं जाड आहेत तुझी, रिबनं जमणार नाहीत, पण टोपल्या होडीतून पोचवायला माणूस लागतो. ज्या कामात कुणाच्या डोक्यात दांडका मारावा लागत नाही, असं हे एकच काम मला सध्या सापडलंय.

रात्री झोप आली नाही तर मला उठव. मी बोलत बसेन. मी बोलायला लागले की तुला झोप येते, हे वीस वर्षं बघितलंय.

चीवर उतरवणाऱ्या माणसाकडे अंगावर घालायला काही नसतं हे मला थोरल्या भंतेंनी सांगितलं, नाहीतर लक्षातच आलं नसतं. पार्सलमध्ये निळा सदरा आहे, पँट आहे आणि चपला. पट्टा सापडला नाही. पँट कमरेत आत घेतली आहे. माप आईंनी सांगितलं, हवेत दोन हात धरून, एवढी म्हणून. त्या कुणाच्या कमरेचं माप सांगत होत्या देव जाणे. सैल झाली तर एका हातानं धरून ये.

बुप्पा